शाफ्टमधला माणूस

लायब्ररीतून ओतीव लोखंड उचललं,
गिअरवर टाकलं. खरखरीत, राखाडी, बरं दिसलं.
शाफ्टला पॉलिशचं स्टील दिलं
तर त्यात उमटल्या
कुठल्याशा परदेशी स्टुडिओच्या पांढऱ्या खिडक्या.

बोद्दुलमामा मागं उभे. म्हणाले,
"असला उजेड अक्कलकोट रोडला कधी पडला गं?"

मग मोबाईलनं शेडचाच गोल फोटो काढला,
मॉडेलभोवती गुंडाळला.
आता शाफ्टवर पत्रा वाकतो,
लुकलुकती ट्यूब लांबते,
कडेला कडक भाकरीचा डबा.

इचलकरंजीच्या गिऱ्हाईकाचा फोन :
माल पसंत. पण बेअरिंगपाशी
तो बारका, वाकडा माणूस कोण?

काढते, म्हटलं.
झूम करून पाहिलं तर
हातात तेलाची बुधली.
राहू दिला.