सुलट बाजू

धोबीतलावला, जिन्याखालच्या खोलीत
इनासियो मिस्त्री व्हायोलिन उजेडाकडे धरतो.
भाऊजींचं. कपाटावरून पडलेलं.
चीर खालच्या कडेपासून निघालीये
आणि काळ्या रेघेशी येऊन थांबलीये.

"ही नुसती नक्षी नाय, बाई.
तीन पट्ट्या आहेत, काळी, पांढरी, काळी,
तिन्ही मिळून तांदळाच्या जाडीच्या.
चर कोरून बसवलेल्या.
स्वस्तातल्या वाद्यावर शाईनं ओढतात.
तिथं चीर थांबत नाय, थेट पोटात जाते."

मी बोट फिरवलं. खरंच, लागतं हाताला.

माझं दुकान फॉल-पिकोचं, ठाकुरद्वारला.
सत्तावीस वर्षं काठांना आतून पट्टी लावतेय.
टाका सुलट बाजूला दिसता कामा नये.
दिसला, तर गिऱ्हाईक उसवायला लावतं.
नाही दिसला, तर म्हणतं,
एवढ्याशा पट्टीचे एवढे?

मिस्त्रीनं सरस गरम करायला ठेवला.
किती घ्याल, म्हणून तोंड उघडलं
आणि मिटलं.

जिना उतरणाऱ्या कुणाला वाट देताना कळलं,
माझ्याच साडीचा फॉल टाचेपाशी सुटलाय,
चपलेत अडकतोय.
कधीचा, कोण जाणे.