फुकट काऊन?

लष्करीबागेत मनपाची शाळा बंद पडली,
व्हरांडा तेवढा उघडा राहिला.
मंगळवार-शुक्रवार, साडेपाचला
मी तिथं सतरंजी अंथरते, पेटी काढते.
पेटीचा तीव्र मध्यम बोलत नाही.
दुरुस्तीवाला म्हणाला, नवा सूर बसवावा लागेल,
नवशे रुपये.
मी म्हटलं, बघू.

पहिल्या दिवशी आल्या दोन बकऱ्या
आणि त्यांना हाकलायला आलेली आचल हेडाऊ.
बकऱ्या गेल्या. ती थांबली.

मग पोट्टे वाढत गेले.
पलाश, फरहीन, नंदेश्वरांचे दोघे,
आणि एक, जो नाव सांगायचा नाही,
नुसता समेवर मान टाकायचा.

मे लागला. पारा सेहेचाळीसला टेकला,
तबला तापून असा चढला
की हातोडी मारून मारून माझं मनगट धरलं.
तंबोरा नाही आमच्याकडे.
समोरच्या खिडकीला कूलर लटकलाय,
त्याच्या घरघरीतून आम्ही षड्ज उचलतो.
एका संध्याकाळी लाइट गेली,
अख्खी गल्ली काळोखात,
आणि सा तसाच चालू.
खिडकीतून म्हातारा ओरडला,
"कूलर त बंद हाय न बे, मंग हे काय वाजून राहिलं?"

यमन म्हटला की तीव्र मध्यम हवाच.
मी नि रे ग वाजवते, पुढची पट्टी दाबते,
फस्स करून हवा निघते फक्त.
तेवढ्या फटीत सोळा गळे शिरतात,
कुणी वर, कुणी खाली,
फरहीन नेमकी.
नवशे रुपये आता आहेत माझ्याकडे.
पेटी मी अजून दुरुस्तीला नेलेली नाही.

सोळाची नऊ झाली.
पलाश कळमन्याला संत्र्यांच्या पेट्या उचलतो,
आवाज फुटलाय त्याचा, लाजतो.
नंदेश्वर घर बदलून गेले, कुठे ते कळलं नाही.
गाण्यानं कुणाचं नशीब पालटलं
असं इथं अजून तरी झालेलं नाही.

मग एकदा आचलची आई आली, इंदूताई.
घरी बसून सुपारी कातरते, किलोच्या भावानं.
बोटांना तपकिरी डाग.
"म्याडम, फुकट काऊन शिकवून राहिल्या?
इलेक्शन गिलेक्शन आहे का?"
नाही म्हटलं.
"मंग?"

मी म्हटलं, पेन्शन आहे, वेळ आहे, आवड आहे.
तिन्ही खरं होतं
आणि तिन्ही मिळून उत्तर होत नव्हतं.

चौतीस वर्षं एजी ऑफिसात मी
दुसऱ्यांच्या हिशोबावर आक्षेप काढले.
संध्याकाळी धरमपेठेत क्लास, फी आगाऊ.
फाटकाबाहेर एक मुलगी उभी राहायची,
पंधरा दिवस, कडीला हात लावून,
आत कुणी चुकलं की तिचा चेहरा आंबट व्हायचा.
मी बाहेर गेले आणि विचारलं,
दोन महिन्यांचे आणलेस?
सोळाव्या दिवशी फाटक मोकळं.
तिचं नाव मी विचारलं नव्हतं.
सगळे आक्षेप निकाली काढून रिटायर झाले मी.
हा एक प्रलंबित.

इंदूताईंना यातलं काही सांगितलं नाही.
त्यांनी पदराखालून पुडी काढली.
"फुकटाचं टिकत नाही, बाप्पा. हे ठेवा."
सुपारी मी खात नाही. घेतली.
रजिस्टरमध्ये लिहिलं:
जमा, सुपारी, पुडी एक.
'कशाबद्दल' हा रकाना कोरा ठेवला,
जन्मात पहिल्यांदा.

शुक्रवारी त्या पायरीवर येऊन बसल्या,
मांडीवर सूप, हातात अडकित्ता.
कट. कट. कट.
पोरं त्या आवाजावर सरगम म्हणू लागली,
बघता बघता दुगुन झाली, सगळी धापा टाकायला लागली.
मी म्हटलं, इंदूताई, लय पळतेय,
जरा सावकाश कातरा.

मान वर न करता त्या म्हणाल्या,
"किलोवर पैसे भेटतात, म्याडम.
पोट्ट्यायले सांगा, पाय उचला."