कुंपणाची रुंदी

आजोबांनी ते बी बोटीतून आणलं,
तंबाखूच्या डबीत, मूठभर.
मेंढ्या पलीकडे जाऊ नयेत, एवढंच.
तेव्हा लेमुई बेटावर तारेला पैसे पडत,
काट्याला नाही.

आता सप्टेंबरात टेकडी पिवळी पेटते,
इतकी, की फेरीवरचे पाहुणे
उभे राहून फोटो काढतात.
वासही गोड. खोबऱ्याचा.
इथं नारळ कुणी पाहिलाय?
दुकानातल्या बिस्किटांवरून ओळखतो आम्ही.

कुंपणानं आधी वाट खाल्ली.
मग आईचे बटाट्याचे दोन वाफे,
जांभळ्या सालीचे,
ज्यांचं बियाणं राखायला मी विसरले.
मग झऱ्याकडची उतरण.
मग नोल्बेर्तोचं फाटक.

नोल्बेर्तो माझा भाऊ.
एकतीस वर्षं झाली, हद्दीवरून बोलणं तुटलं.
तो म्हणे खांबापासून, मी म्हणे दगडापासून;
चार पावलांचा फरक.
आज खांब आत आहे, दगडही आत आहे,
आणि मधलं रान साठ पावलं रुंद.

तोडलं. बुंध्यातून दुपटीनं फुटलं.
जाळलं. राखेतून रोपं आली,
शाळा सुटावी तशी.
शेतकी खात्याचा पोरगा म्हणाला,
एदुविना मावशी, हे बी मातीत
तीस-तीस वर्षं जागं राहतं.
माहीत आहे, म्हटलं.

फेब्रुवारीत ऊन तापलं की शेंगा तडकतात,
तट्, तट्,
दुपारभर पलीकडे कुणीतरी
माझ्या नावानं बोटं मोडत बसल्यासारखं.

शेळी तेवढी हद्द मानत नाही.
कोवळे शेंडे खात आत शिरते,
काट्यांतून ओठ कसे फिरवते देव जाणे,
संध्याकाळी येते अंगभर पिवळं घेऊन.

गेल्या मंगळवारी धार काढायला बसले,
तर आचळं रिकामी.
बुधवारीही.
गुरुवारी तिच्या पुढच्या पायावर
चरबी चोपडलेली, वर लोकरीची पट्टी.
गाठ उलटी.
आमच्या घरात अशी गाठ
एकाच डावखुऱ्याची.

दूधचोर म्हणून शिव्या दिल्या मी,
मोठ्यानं, ऐकू जातील अशा.
शेंगा तडकल्या, बाकी काही नाही.

मग पट्टी सोडली, धुतली, चुलीवर वाळवली.
उद्या तीच शेळीच्या गळ्यात बांधीन,
आत बटाट्याच्या मिल्काओचा एक तुकडा,
डुकराची चरबी जरा जास्तच घातलेला,
त्याला लागतो तसा.
काट्यात अडकला नाही, तर पोचेल.