काटा

मुलुंडचा मॉल, सरकत्या जिन्याच्या पोटाशी एक टेबल.
शलाका मला इथे बसवून पैसे द्यायला गेली आहे,
म्हणजे फोन दाखवायला.
निहार टेबलाखाली.

वैधमापन खात्यात मी तेहतीस वर्षं काढली.
काटेवाले साहेब म्हणायचे लोक.
भांडुप, कांजूर, विक्रोळी –
कुठल्या दुकानात पारड्याखाली चिंच चिकटवली आहे
हे उंबऱ्यावरच कळायचं मला,
दुकानदार फार लवकर नमस्कार करायचा.

ट्रे येतो.

पहिल्यांदा आलो तेव्हा शलाका दुसरीत होती.
वेतन आयोगाची थकबाकी खिशात,
बर्गर पंचवीस रुपयांना
आणि तिच्या दोन्ही तळव्यांत मावेना.
सॉसच्या पुड्या हव्या तेवढ्या;
तिच्या आईने पर्स भरून घेतली,
महिनाभर पोळीबरोबर पुरवली.

आज तोच एकशे एकोणीसला.
निहारच्या एका मुठीत बसतो,
आणि निहार सहा वर्षांचा आहे.
पाव बोटाने दाबला तर खाली जातो,
परत वर यायचं नाव नाही.
टिक्की आत सरकून बसली आहे
उधारी थकलेल्या माणसासारखी.
कांद्याचे तुकडे चार. मोजले. सवय.
बर्फ तेवढा वाढला आहे,
त्यात कुणी हात आखडलेला नाही.

बटाट्याच्या कांड्यांचा खोका उलटा करून पाहिला.
तळ आत ढकललेला, चांगला दोन बोटं.

तेव्हा वेलजीभाई आठवला.
भांडुप स्टेशनबाहेर, डाळ-तांदूळ.
त्याचं किलोचं वजन असंच उलटं केलं होतं:
पोटातलं शिसं खरवडून काढलेलं,
भोकात मेण,
आणि वरून ठसठशीत, एक किलो.
साहेब, चहा घ्या, म्हणाला,
आणि कप बशीवर वाजतच राहिला.
मी पंचनामा केला. दंड पाचशे.

इथे कुणाचा कप वाजणार?

बाबा, थंड होतंय, शलाका म्हणते.
गरम कधी होतं, मी म्हणतो.
ती फोनमध्ये बघते.

मी मनातल्या मनात कलम शोधतो.
छापल्यापेक्षा कमी भरलं तर गुन्हा.
छापलंय काय? 'मध्यम'.
कुठल्या तिजोरीतल्या कुठल्या ठोकळ्याशी
ताडून बघू मी मध्यम?
गेल्या वर्षीचा लहान यंदा मध्यम झाला,
मध्यम होता तो मोठा,
आणि मोठा होता तो
भिंतीवरच्या फोटोत राहायला गेला.
काटा मारायला निदान काटा तरी लागतो, वेलजीभाई.
तुम्ही उगीच मेण वितळवत बसलात.

निहार म्हणतो, संपलं. अजून.

काउंटरवर मीच गेलो.
सॉसची तिसरी पुडी, पाच रुपये वेगळे.
मुलीच्या छातीवर नाव, वृषाली.
मनगटावर तेलाने भाजल्याचे डाग,
बरेचसे जुने, एक नवा.
तिने फावडं भरलं, हलवलं,
वरच्या कांड्या परत पडू दिल्या,
शिकवल्याप्रमाणे.
डोक्यावर कॅमेरा.
मग त्याच्याकडे पाठ केली
आणि बोटांनी पाच-सहा उचलून वर ठेवल्या,
भाजीवाली कोथिंबीर ठेवते तशा,
माझ्याकडे न बघता.

जास्त भरल्याबद्दल आमच्या कायद्यात कलम नव्हतं.
त्यांच्यात असेल.
खोका छातीशी धरून टेबलापर्यंत आलो
आणि वरच्या सगळ्या आधी
निहारच्या तोंडात कोंबल्या,
पुरावा राहायला नको.

तो हा-हू करत नाचायला लागला.
भाजलं असावं.