किल्ली

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्हाला हॉलमध्ये बसवलं.
एप्रिल. बेचाळीस. पंखे पाच, चालू दोन.
प्रशिक्षणाला आलेल्या बाईंनी फळ्यावर काही लिहिलं नाही,
एकेक चिठ्ठी दिली फक्त:
वेगळ्या वाटणाऱ्या पोराला
या शाळेत मारलेली एक हाक लिहा. नाव नको.

मी पी.टी.चा. एकोणतीस वर्षं शिट्टी.
कारकून चिलवेरी म्हणाले, आपल्याकडं तसलं काही नाही हो,
पोरं विडी घरकुलातली, साधी.
बिराजदार बाई रुमालात हसल्या.
मी लिहिलं,
डावा हात आडवा धरून, कॉपी वाचवतात तसा.
शब्द माझाच होता.

मागाच्या घरातली पोरं मोठ्यानं बोलतात.
दिवसरात्र खटखट, तिच्यावरून हाक न्यावी लागते
आईपर्यंत.
अंबादास तेवढा हळू बोलायचा.
तो चालतो कसा, हे मी नववी 'क'ला
मैदानावर चालून दाखवलं.
सगळे हसले. तोही हसला.
तोही हसला, हे मी बरीच वर्षं
पुरावा म्हणून जपून ठेवलं.

बाई चिठ्ठ्या वाचत गेल्या,
मराठीतल्या, तेलुगूतल्या, कानडीतल्या.
आपल्या सोलापुरात शिवीलाही तीन दारं.
माझी आली तेव्हा मी पंख्याकडं पाहिलं.
तो बंदवाला होता.

मग त्यांनी विचारलं, अशा पोरानं
या इमारतीत जायचं कुठं?
कुणी काही बोललं नाही.
ट्रे घेऊन उभी मल्लव्वा बोलली. शिपाई.
तिला चहासाठी बोलवलं होतं, प्रशिक्षणासाठी नाही.

"किल्ली देत हुते मी."
कसली किल्ली?
"स्टाफच्या संडासाची. पोरांच्यात गेला की कोंडायचे त्याला.
असलं ऊन, आन् पाणी पीत नव्हतं लेकरू दिवसभर.
म्हटलं, तास चालू झाला की ये, गपचूप.
दोन वर्षं दिली.
मग ती बारकी केसवाली पोरगी आली, तिलाबी दिली.
त्याला काय म्हंतात मला म्हाईत नाही.
लागतंय तर सगळ्यांनाच की."

चहा निवत होता.
बाईंनी खडू उचलला
आणि पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं: किल्ली.

पाच सप्टेंबरला संस्थेनं आदर्श शिक्षक म्हणून
माझं नाव काढलं. कबड्डीच्या तीन ढाली होत्या.
नारळ, चादर, मानपत्र.
मानपत्रात एक शब्द 'विद्यार्थीप्रिय',
तो मी पुन्हा वाचला नाही.

कार्यक्रम संपल्यावर जिन्याखाली गेलो,
चादर मल्लव्वाच्या पुढ्यात धरली.
ती म्हणाली, "चादरी घरात सहा हैत सर,
मालक मागावरच होते माझे.
द्यायचंच तर किल्ल्या करून आणा.
एकच हाय, ती बी झिजली."

कन्ना चौकात आठ करून घेतल्या.
किल्लीवाल्यानं विचारलं, घर केवढं हो तुमचं?
मी म्हटलं, शाळा आहे.
एक चिलवेरींना दिली. त्यांनी ती बराच वेळ
हातात उलटीसुलटी केली, मग खिशात टाकली.
बिराजदार बाईंनी मागून घेतली.
एक माझ्या ट्रॅकसूटमध्ये, शिट्टीशेजारी.
धावलो की वाजते.

अंबादासचा नंबर मिळवायला तीन दिवस लागले,
लावायला दीड महिना.
मामाच्या शेडमध्ये असतो म्हणे, टॉवेलच्या मागांवर.
मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, घोकलेलं,
अगदी हळू, घरातल्यांना ऐकू जाऊ नये इतपत.

पलीकडून खटखट.
मग त्याचा आवाज, मला ओळखूच न आलेला, भरदार:
"मोठ्यानं बोला सर,
माग चालू हैत."