जमिनीवरचा नकाशा

आद्रेच्या पुढे, वादीच्या कोरड्या पात्राशी
एकच हिंगणाचं झाड उरलंय.
त्याखाली आम्ही सतरा जणी बसलो.
मी अठरावी, पण मला धरायचं नाही.
मी दुभाषी.

देनेमाजीनं काठीनं मातीत छावणी काढली.
हा बोअर, ही धान्याची रांग,
हे संडास, ही सरपणाची वाट.
‘जिथे भीती वाटते तिथे दगड ठेवा,’
ती फ्रेंचमध्ये म्हणाली.
मी भीती आमच्या भाषेत आणली.
वेळ लागला नाही.

पहिला दगड वादीवर. तो सगळ्यांचाच.
सरपणाला गेलेली हव्वाये एका चपलेनिशी परत आली,
तेव्हापासून आम्ही सात-सात जणी जातो
आणि वाटभर गाढवाला शिव्या घालत मोठ्यानं बोलतो.
दुसरा संडासावर. दाराला कडी आहे,
बाहेरून.
ठेकेदाराला म्हणे तशीच सांगितली होती.
दोघी हसल्या. ते हसू मी पलीकडे नेलं नाही.
तिसरा रांगेवर,
जिथे तेलाचे डबे मोजणारा हात
डब्यावर थांबत नाही.

देनेमाजी लिहीत होती.
तिच्या वहीत चारच रकाने होते.

मग कल्तूमा उठली.
सकाळपासून तिनं गालावरचा पदर हलवला नव्हता.
मुठीतला दगड घामानं काळा पडलेला.
वादी ओलांडून, रांग ओलांडून
तिनं तो ठेवला नवव्या ब्लॉकातल्या पाचव्या खोपटावर.
स्वतःच्या.

कुणाचं तरी बाळ दूध सोडून बघायला लागलं.

तिकडे, सीमेपलीकडे, बंदूकवाल्यांनी केलं
ते सांगता येतं. त्याला अर्ज आहेत.
पण हा नवरा.
त्याचे दोन भाऊ त्याच रस्त्यावर मेले,
हाताला काम नाही, रात्र रात्र जागा असतो.
ते सगळं खरं
आणि गालही खरा.

आमच्यात म्हणतात, अब्रू गेली.
गेली. जशी काही आपल्या पायांनी.
कुणी नेली, हे वाक्यात येतच नाही.
इतकी वर्षं मी तेच वाक्य इकडचं तिकडे केलं,
कर्त्याशिवाय.

पोरं बघत होती, पुरुष जात-येत होते.
संध्याकाळपर्यंत नवव्या ब्लॉकाला कळलंच असतं.
तेव्हा मस्तूरा उठली, गुडघे धरत.
विधवा. घरात पुरुष म्हणून एक बोकड.
तिनं खडा उचलला
आणि आपल्या खोपटावर ठेवला.
मग जिस्मा. मग हव्वाये.
मग ज्यांचे नवरे खरंच साधे, त्याही.
मीही उठले. दुभाष्यानं उठायचं नसतं.
घडीभरात नववा ब्लॉक दगडांखाली गेला
आणि कुठला कुणाचा ते देनेमाजीला सांगता येईना.
मलाही नाही.
कुणी विचारलं तर मी असंच म्हणेन.

बाकी काय.
चाळीस संडासांपैकी अकरांना कडी आतून बसली.
दवाखान्याच्या मागे एक दार आहे, त्यावर पाटी नाही.
तीन दिवसांत गेलं तर गोळ्या मिळतात,
उशिरा गेलं तरी खुर्ची मिळते.
एक बाई गेली. बरोबर मी.
तिथे नाव लिहीत नाहीत, आकडा लिहितात.
बराच वेळ ती नखातली माती काढत होती.
मग म्हणाली, त्यानं मारलं.
मी तसंच म्हटलं, दुसऱ्या भाषेत.
तो तिथेही आधी आला.

नकाशा आता नाही. शेळ्या गेल्या त्यावरून.
तीन दगड
मस्तूरानं चुलीला नेले.