अधिकृत वापरकर्ता

अर्ज मीच भरते. नायनाला, म्हणजे माझ्या बापाला,
चष्मा लावूनही सरकारी मराठी वाचवत नाही.

नाव : इस्तारी मल्लय्या गाजुल.
व्यवसाय : तो म्हणतो, लिही, भोकं पाडणं.
मी लिहिते, जॅकार्ड कार्ड पंचिंग.
चाळीस वर्षं त्यानं पुठ्ठ्याला भोकं पाडली.
भोक असेल तिथं सुई आत जाते, दोरा उचलला जातो.
नसेल तिथं पडून राहतो.
"एवढंच की गं. बाकी मागाचं काम."

वस्तू : सोलापुरी चादर.
भौगोलिक क्षेत्र : नकाशा जोडावा.

नकाशा म्हटल्यावर त्याला हसू येतं.
त्याचा आजा करीमनगरकडून चालत आला
डोक्यावर मागाची फणी घेऊन,
तेव्हा वेशीवर कुणी नकाशा मागितला नव्हता.
सूत कोइमतूरचं, रंग अहमदाबादचा,
घरात तेलुगू, भांडण मराठीत,
उधारी कानडी वाण्याकडं.
मग सोलापूर नेमकं कुठं असतं चादरीत?
तो उत्तर देत नाही.
साखर पेठेच्या मागून एका कारखान्याची खडखड येते.
पूर्वी इतकी असायची, की
सुट्टीच्या दिवशी शांततेनं झोप मोडायची.

गेल्या महिन्यात स्टेशनासमोर मी एक चादर घेतली.
दोनशे ऐंशी. लेबलावर ठळक सोलापूर,
आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत भलताच पिनकोड.
नायनानं ती पांघरली नाही.
काठ अंगठ्याखाली चोळला, म्हणाला, "पॉलिस्टर,"
परक्या सोयऱ्याचं आडनाव सांगावं तसं.
मग उलगडून मोर पाहिला
आणि गप्पच झाला.

त्या मोराला डोळा नव्हता.

आमच्या मोरालाही नाही.
एकशे एकोणिसाव्या पुठ्ठ्यावर
दाढेच्या ठणक्यात एक भोक राहून गेलं होतं.
मालक ओरडला, पण माल गाडीत चढला होता,
आणि आंधळ्या मोराची तक्रार
एकाही गिऱ्हाइकानं केली नाही.

"चोरानं चूकसुद्धा चोरली, हाच पुरावा!"
मी धावत हत्तरकी वकिलांकडं गेले.
ते पान जुळवत म्हणाले,
हा कायदा नाव राखतो, मोर राखत नाही.
मोराचा कायदा वेगळा, त्याची मुदत कधीच टळली.
आणि नावही काही इस्तारीचं एकट्याचं नाही,
इथं विणतात त्या सगळ्यांचं.
मला राग आला. नायनाला पटलं.
"बरंय. एकट्याचं असतं
तर दाढ काढायलाच विकून बसलो असतो."

रकाना सात : वस्तूचं वैशिष्ट्य.
सुती, दुहेरी वीण, दोन्ही अंगांनी वापरता येते, लिहिते मी.
चुकीसाठी रकाना नाही. मागची बाजू पण बघितली.

सही त्यानं तेलुगूत केली,
कारकून ती उलटी धरून बघेल.
फाइलला लावायला मी पंचिंग मशीन शोधत होते,
तर त्यानं खिशातून स्वतःची जुनी छिन्नी काढली,
अर्ज पाटावर ठेवला, अंतर बोटानं मापलं,
दोन ठोके.

दोन गोल, स्वच्छ भोकं.
उजेडाकडं धरून त्यातून पाहिलं.
"जाईल दोरा," म्हणाला.